चढावर दम लागतो? आधी दाते मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत चढावर सायकल कशी चालवावी यावर लेख आला होता तो वाचला. लेख वाईट नव्हता, पण त्यात सराव आला, वजन कमी करणं आलं, श्वास कसा घ्यायचा ते आलं, मनाची तयारी तर दोनदा आली, आणि गिअरबद्दल अख्ख्या लेखात एकच वाक्य, की चढावर हलका गिअर वापरा. अहो पण सायकलला हलका गिअर असेल तर वापरणार ना माणूस! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नवीन सायकलवाल्याने चढ जमत नाही असं म्हटलं की जुनेजाणते लोक लगेच नाचता येईना अंगण वाकडं म्हणून मोकळे होतात, पण इथे बऱ्याच वेळा अंगण खरंच वाकडं असतं, आणि ते वाकडं आहे की नाही हे घरबसल्या मोजता येतं. त्याबद्दल कुणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र. जरा लांबणार आहे, आधीच सांगतो.

सायकल घेताना सगळे पहिला प्रश्न विचारतात की किती गिअरची आहे. २१ ची, २४ ची, २७ ची. चढासाठी हा आकडा जवळपास बिनकामाचा आहे. त्या २१ मधले बरेचसे गिअर एकमेकांची नक्कल असतात, शिवाय पुढे मोठी चकती (चेन ज्यावरून फिरते ते दातेरी चाक) आणि मागे पण मोठी असे तिरके जोड चेनला मानवत नाहीत त्यामुळे ते कोणी वापरतही नाही. चढाला कामाचा गिअर एकच, सगळ्यात हलका, म्हणजे पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी. पुढचीचे दाते भागिले मागचीचे दाते, जो आकडा येतो तो म्हणजे तुमच्या सायकलची चढावरची कुंडली. आकडा जितका लहान तितकी सायकल चढाला हलकी. बाजारात सर्रास मिळणारी रोड बाइक घ्या, पुढे ५०-३४ ची कॉम्पॅक्ट क्रँक, म्हणजे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या, मागे ११-२८ ची कॅसेट, म्हणजे ११ ते २८ दातांच्या ११ चकत्यांचा संच, गिअर मोजले तर २२. सगळ्यात हलका ३४ भागिले २८ म्हणजे १.२१. आता दुसरीकडे एक माउंटन बाइक घ्या, पुढे एकच ३२ ची चकती, मागे १०-५१, गिअर फक्त १२. हलका गिअर ०.६३. तिचं चाक जरा मोठं असतं तो फरक धरूनसुद्धा ती चढाला पावणेदोन पट हलकी पडते, गिअर जवळपास निम्मे असून. तर किती गिअर हा प्रश्न सोडा आणि हलक्यात हलका कितीचा हे विचारा. विकणारा गडबडला तर स्वतः वाकून दाते मोजा, बहुतेक चकत्यांवर आकडा छापलेलाच असतो.

आता थोडं गणित. कंटाळा करू नका, सातवीच्या पलीकडचं काही नाही. रोड बाइकच्या ७०० च्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर असतो. म्हणजे गिअरचा आकडा १ असेल तर पायडलच्या एका फेरीत सायकल २.१ मीटर पुढे जाते, १.२१ असेल तर अडीच मीटरच्या थोडी वर. समजा चालवणारा ७२-७३ किलोचा आहे, सायकल, पाण्याच्या बाटल्या, पंप वगैरे धरून एकूण ८५ किलो, आणि चढ ८ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ८ मीटर वर. पायातून सलग १५० वॅट काढणं हे हौशी पण नियमित चालवणाऱ्या माणसाला बऱ्यापैकी जमतं. तर ८५ किलो, ८ टक्के, १५० वॅट याचा हिशोब केला, टायरचा आणि हवेचा विरोध धरला, तर वेग येतो ताशी सव्वासात ते साडेसात किलोमीटर. हा वेग ठरलेला आहे बरं का, गिअर कोणताही टाका, ताकद तेवढीच असेल तर वेग तेवढाच राहणार. गिअर फक्त एवढंच ठरवतो की त्या वेगाला तुमचे पाय मिनिटाला किती फेऱ्या मारतील, ज्याला आपण कॅडन्स म्हणतो.

आणि घोडं नेमकं इथेच पेंड खातं. जुन्या पद्धतीच्या रेसिंग सायकलला पुढे ५३-३९ आणि मागे २५ असायची, तिच्यावर या वेगाला कॅडन्स येतो ३८. कॉम्पॅक्ट आणि २८ वर ४८. तीच कॉम्पॅक्ट आणि मागे ३४ केलं तर ५९. पुढे ३० आणि मागे ३४ असेल तर ६७. आणि जुन्या तीन चकत्यांच्या माउंटन बाइकसारखं पुढे २२, मागे ३४ केलं तर थेट ९०. माणूस तोच, चढ तोच, वेग तोच, पण एकाचे पाय ३८ ने रडतखडत फिरतायत आणि दुसऱ्याचे ६७ ने आरामात. बहुतेक लोकांना चढावर ६० ते ८० च्या मध्ये कुठेतरी बरं वाटतं, ५० च्या खाली गेलं की प्रत्येक फेरीत वरच्या टोकाला पाय अडकल्यासारखा होतो, सायकल झटके देत पुढे जाते, हँडल इकडेतिकडे ओढलं जातं आणि मग माणूस उभा राहून चालवायला लागतो. उभं राहून थोडा वेळ चालवणं चांगलंच, पाठ मोकळी होते, पण अख्खा चढ उभ्याने काढायची वेळ येत असेल तर ती गिअर कमी पडल्याची खूण आहे.

जोराचा हिशोब पण बघा. १७० मिलिमीटरचा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, धरला आणि तेच १५० वॅट, तर ३८ च्या कॅडन्सला पायडलवर सरासरी २२-२३ किलोचा जोर लागतो आणि ७० ला १२ किलोचा. ही सरासरी झाली, पाय खाली दाबताना प्रत्यक्षातला जोर याच्या दुप्पटीच्या आसपास जातो. पोतं एकदम खांद्यावर घ्यायचं की अर्धं अर्धं करून दोन खेपा मारायच्या, एवढाच हा प्रश्न आहे. पोहोचणारा माल तेवढाच, पण कंबर कुणाची धरते ते सांगायला नको. तासभर चालणाऱ्या चढावर हा जास्तीचा जोर आधी मांड्यांत जाणवतो आणि मग गुडघे बोलायला लागतात. हलक्या गिअरला फेऱ्या जास्त म्हणून छातीवर ताण थोडा जास्त येतो हे खरं, पण चढ संपल्यावर श्वास पाच मिनिटात जागेवर येतो, पेटलेल्या मांड्या उरलेला दिवस वसूल करतात.

लोक वजनाच्या मागे लागतात त्याचं मला फार नवल वाटतं. कार्बनचा सीटपोस्ट, हलकी चाकं, बाटलीचा स्टँडसुद्धा कार्बनचा. एवढं सगळं करून सायकल १ किलोने हलकी झाली तर ८५ किलोमध्ये तो फरक सव्वा टक्कासुद्धा नाही, आणि मागची २८ काढून ३४ लावली की पायडल जवळजवळ १८ टक्के हलकं होतं. हां, कॅसेट बदलून वेग वाढत नाही, तेवढा फरक आहे, वजन कमी केलं तर थोडा वाढतो. पण जो माणूस अर्ध्या चढावर उतरून सायकल ढकलतोय त्याची अडचण वेगाची नसते.

तर हलकं करायचं कसं. सगळ्यात कमी खटाटोपाचं काम मागची कॅसेट बदलणं, आणि पुढच्यापेक्षा मागे हात घालावा याचं कारण परत आकड्यातच आहे. पुढची ३४ ची ३२ करायला गेलात तर फायदा ६ टक्क्यांचा, आणि मागे २८ चं ३४ केलं तर तो आधी सांगितलेला १८ चा. पण इथे लोक एक गोष्ट विसरतात. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, किती मोठी चकती पेलतो आणि एकूण किती चेन ओढून धरतो याला मर्यादा असते, दोन्ही आकडे कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेले असतात. एकूण क्षमता म्हणजे पुढच्या दोन चकत्यांतला फरक अधिक मागच्या मोठ्या-लहानातला फरक. ५०-३४ चा फरक १६, ११-३४ चा २३, बेरीज ३९. शिमानो या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या १०५ मालिकेतला आर-७००० घ्या, त्याचा आखूड केजवाला (केज म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा लोंबता भाग) डिरेलर ३० दातांपर्यंत आणि एकूण ३५ पर्यंतच चालतो, लांब केजवाला ३४ पर्यंत आणि ३९ पर्यंत. नाव तेच, दिसायला जवळपास तोच, फक्त केज बोटभर लांब. त्यामुळे ३४ ची कॅसेट घरी आणून बसवायच्या आधी आपला डिरेलर कुठला ते बघा. दोन-चार दात जास्त कंपनीच्या आकड्यावर बऱ्याचदा चालून जातात असं मेकॅनिक लोक सांगतात, हँगरला, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो त्या फ्रेमच्या कानाला, जोडायची पट्टी लावून डिरेलर खाली घेण्याचा जुगाड पण असतो, चालतो तिथे चालतो, पण शिफ्टिंग जरा कुरकुरतं.

आणि चेन. हे ठळक छापलं तरी चालेल. मोठी कॅसेट टाकली आणि चेन जुनीच आखूड राहिली, तर पुढे मोठी आणि मागे मोठी असा जोड चुकून जरी पडला तरी चेन ताणून डिरेलर हँगरसकट मोडू शकतो, आणि तो मोडतो भर चढावर, कारण गिअर तिथेच बदलतो आपण. चेन पुरते का बघायचं सोपं आहे. डिरेलरमधून न घेता चेन थेट पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून फिरवायची, जिथे टोकं भेटतात त्याच्यावर आणखी दोन कड्या, म्हणजे एक इंच, शिल्लक पाहिजे. त्यापेक्षा कमी असेल तर नवीन लांब चेन. नवीन कॅसेटला नवीन चेन घेणं तसंही बरं, झिजलेली चेन नवे दाते खराब करते. मग बी स्क्रू, म्हणजे डिरेलर चकतीपासून किती लांब राहील ते ठरवणारा स्क्रू, फिरवून डिरेलरची वरची पुली मोठ्या चकतीला घासत नाही एवढं बघितलं की झालं.

पुढच्या चकत्यांचं प्रकरण थोडं किचकट आहे. क्रँकला चकत्या ज्या बोल्टने बसतात त्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यास ठरलेला असतो आणि त्यापेक्षा लहान चकती तिथे बसतच नाही. जुन्या ५३-३९ च्या क्रँकवर हा व्यास बहुतेक करून १३० मिलिमीटर असतो, त्याच्यावर ३८ च्या खाली जाता येत नाही, म्हणून ३४ पाहिजे असेल तर अख्खी क्रँकच बदलायची. ११० वाल्या कॉम्पॅक्टवर ३४ बसते. त्याच्या पण खाली जायचं तर ४६-३० किंवा ४८-३१ अशा क्रँक आता मिळतात, कच्च्या रस्त्यासाठीच्या ग्रॅव्हल बाइकला लावलेल्या असतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की हौशी माणसाच्या रोड बाइकला पण कंपनीने याच लावून द्यायला पाहिजेत. यावर लगेच ओरड होते की मग सपाटीवर आणि उतारावर गिअर कमी पडेल. बघू किती कमी पडतो ते. ५०-११ ला ९० च्या कॅडन्सने वेग येतो ताशी ५१, आणि ४६-११ ला ४७. सपाटीवर सलग ४७ ने सायकल मारणारे किती लोक तुमच्या ओळखीत आहेत? आणि उतारावर ४७ च्या वर गेलं की शहाण्या माणसाने पाय थांबवून नीट वळणाकडे बघावं. म्हणजे वर्षातून कधीतरी लागणाऱ्या गिअरसाठी आपण दर चढाला लागणारा गिअर सोडून देतो, या व्यवहाराला काय म्हणायचं.

खरा तोटा वेगळाच आहे, तो पण सांगतो नाहीतर एकतर्फी होईल. कॅसेटवर जागा तेवढीच. ११ स्पीडच्या, म्हणजे मागे ११ चकत्यांच्या, ११-२८ मध्ये लहान बाजूला ११, १२, १३, १४, १५ असं एकेका दाताने चढत जातं, आणि ११-३४ मध्ये ११, १३, १५, १७, असं दोन दोनने. त्यामुळे सपाटीवर ग्रुपमध्ये एका लयीत चालवणाऱ्याला कधी हा गिअर जड तर तो हलका असं होतं, मधला सापडत नाही. जे फक्त सपाटीवर चालवतात त्यांनी या फंदात पडू नये. चढ असलेल्या भागात राहणाऱ्याने मात्र ही चिडचिड खुशाल पत्करावी.

सामान लादून फिरणाऱ्यांचं तर वेगळंच. त्या ८५ किलोवर २० किलोच्या बॅगा आल्या की त्याच चढावर वेग उतरतो ताशी ६ वर, आणि मग ३४-३४ सुद्धा ४७-४८ च्या कॅडन्सला आणून बसवतं. तिथे ०.७ किंवा त्याच्या खालचाच आकडा पाहिजे, म्हणजे तीन चकत्यांची क्रँक नाहीतर माउंटन बाइकचं सामान. याच्या खाली कुठवर जायचं त्याला पण एक तळ आहे. ताशी ५ च्या खाली सायकल डगमगायला लागते, तोल सांभाळण्यातच जीव जातो, आणि चालत गेलं तरी तेवढाच वेग येतो. ०.६५ च्या गिअरला ६० कॅडन्सने वेग ताशी ५ च्या जवळ येतोच, तेव्हा रोड बाइकच्या चाकाला त्याहून खाली जाण्यात मला तरी फारसा अर्थ दिसत नाही.

स्वतःसाठी हिशोब करायचा तर असा. नेहमीच्या सगळ्यात वाईट चढावर, जीव न काढता, फोनवर वेग किती दिसतो ते बघा. त्याला ६० ने भागून १००० ने गुणलं की मिनिटाला किती मीटर ते आलं. त्याला ७० ने भागा, मग २.१ ने भागा. जो आकडा येईल तो तुमचा हलका गिअर. वर सांगितलेल्या ८५ किलोच्या माणसाला तो ०.८४ येतो, म्हणजे कॉम्पॅक्ट आणि ३४ पण त्याला थोडी कमीच पडते. आणि या माणसाला दुकानात १.२१ हातात देऊन वरून सांगतात की सराव कर!

आता मानापमानाचा भाग. सगळ्यात हलक्या गिअरला आजीबाईचा गिअर म्हणायची पद्धत आहे, आणि त्या नावाच्या लाजेपायी कित्येक धडधाकट माणसं तो वापरत नाहीत. हा आजार जुना आहे. टूर द फ्रान्स सुरू करणारा आंरी देग्रांज याला गिअर बदलणं हे पंचेचाळिशी उलटलेल्यांचं काम वाटायचं, तसं त्याने १९०२ साली लिहून ठेवलंय, आणि त्याच साली फ्रान्समध्ये डोंगरातल्या एका चाचणीत मार्थ हेस नावाच्या बाईंनी तीन गिअरच्या सायकलवर एदुआर फिशर या एका गिअरवाल्या पठ्ठ्याला मागे टाकलं होतं. तरी टूरमध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. तोवर तिथले भले भले लोक घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे कारण दुसऱ्या बाजूला मोठी चकती असायची, आणि वर पोहोचले की पुन्हा तोच उद्योग. आणि आता बघा, २०२३ च्या जिरो द इटालिया या इटलीतल्या मोठ्या शर्यतीत माँते लुसारीच्या उभ्या चढावर प्रिमोझ रोग्लिचने पुढे एकच चकती आणि मागे ४४ दातांपर्यंतची कॅसेट लावली होती, वाटेत चेन पडली, तरी तो टप्पा जिंकला आणि अख्खी स्पर्धा १४ सेकंदांनी खिशात घातली. जगातले सगळ्यात ताकदवान पाय ज्यांच्याकडे आहेत त्यांना ४४ लावायला लाज वाटत नाही, आणि रविवारी सकाळी चालवणारे आपण २८ ला चिकटून बसणार.

तुमच्या पुरवणीत नवीन सायकलींची माहिती येते, त्यात वजन, ब्रेक, रंग, किती गिअर हे सगळं असतं. त्यात सगळ्यात हलका गिअर कितीचा एवढी एक ओळ घालता येईल का? दोन आकड्यांचा भागाकार आहे, जागा काही जात नाही. दहा सायकली शेजारी शेजारी छापल्या आणि प्रत्येकीपुढे हा आकडा आला की कुठली सपाटीची आणि कुठली चढाची हे वाचणाऱ्याला आपोआप दिसेल, आणि विकणाऱ्यांना पण त्यावर उत्तर द्यावं लागेल.

पत्र फारच लांबलंय याची कल्पना आहे. कात्री लावायची झाली तर देग्रांजपासून रोग्लिचपर्यंतचं सगळं कापा, चेनच्या लांबीचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

आपला,
एक सायकलवाला वाचक